मदतीच्या चौकटीत निरंक

धुकं खिडकीच्या काचेला येऊन टेकलं होतं. शाळेचं फाटक दिसत नव्हतं, नुसती त्याची कडी वाजलेली ऐकू येत होती. अशा हवेत कागद ओल धरतो. ओल धरलेले कागद झेरॉक्सच्या मशीनमध्ये एकमेकांना चिकटून जातात, मग मशीन करकरतं आणि लाल दिवा लावून बसतं. कारकूनबाईंना हे सव्वीस वर्षांत पाठ झालं होतं. म्हणून साडेसातला ऑफिसचं कुलूप काढल्याबरोबर त्यांनी स्वेटरच्या बाह्या कोपरापर्यंत ओढल्या, रीम फोडलं आणि शंभरेक कागदांचा गठ्ठा दोन्ही हातांत धरून पत्त्यांसारखा फुलवायला घेतला. एकदा या कडेनं, एकदा त्या कडेनं. मग टेबलावर ठोकून कडा सारख्या करायच्या आणि पुढचा गठ्ठा उचलायचा. नववीच्या चाचणीच्या तीनशे प्रती आजच्या आज काढून ठेवायच्या होत्या.

शिपाईमामा चहाची किटली घेऊन आले आणि म्हणाले, आज मशीन रुसणार. बाई म्हणाल्या, रुसलं तर समजूत काढू, तुमच्यापेक्षा लवकर ऐकतं ते.

हात कागदावर होते, पण डोळे सारखे टेबलाच्या डाव्या कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरकडे जात होते. आज यादी येणार होती.

या बाईंना शाळेत पाठीमागं सगळे 'निरंकबाई' म्हणायचे, आणि पाठीमागं म्हणजे फार लांबून नव्हे, त्यांना ऐकू जाईल इतक्या जवळून. त्याला कारण होतं. ज्या रकान्यात भरायला काहीच नसतं तिथं कारकून माणूस 'निरंक' लिहितो, म्हणजे काही नाही. पण इतर कारकून हा शब्द आठवण झाली तर लिहायचे, या बाई मात्र एक चौकट मोकळी सोडायच्या नाहीत. नोकरीच्या पहिल्याच वर्षी त्यांनी एका दाखल्यावर शेऱ्याची जागा कोरी ठेवली होती. दाखला नेणाऱ्या पालकानं घरी जाऊन त्या जागेत 'खेळात प्रथम क्रमांक' असं सुबक अक्षरात लिहून घेतलं, प्रकरण चौकशीपर्यंत गेलं आणि बाईंची नोकरी जाता जाता राहिली. तेव्हाच्या म्हाताऱ्या हेडक्लार्कनं त्यांना समोर बसवून सांगितलं, "पोरी, जागा मोकळी दिसली की लोक बसतात. आधी तू बस." तेव्हापासून बाईंचं पेन मोकळ्या चौकटीवरून कधी पुढं गेलं नाही. निरंक, आणि त्याखाली दोन आडव्या रेघा.

डब्यात आज काय आणलंय, असं कुणी विचारलं आणि डबा घरी विसरला असला तर त्या म्हणायच्या, निरंक. लग्नाच्या रकान्यातही निरंकच, असं एकदा गणिताच्या सरांनी चहा पिताना म्हटलं होतं. बाई सगळ्यांबरोबर हसल्या होत्या. नंतर वर्षभर त्या सरांचे रजेचे अर्ज काहीतरी त्रुटी निघून परत येत राहिले, हा भाग वेगळा.

त्या धाकट्या भावाच्या घरी राहायच्या. भाऊ गवंडी. त्याची कामं लांबच्या गावांना चालायची, दोन-दोन महिने तो घरी नसायचा. घरात मग भावजय, भाची आणि बाई. भावजय गावातल्या मोठ्या हॉस्पिटलच्या धुलाईघरात होती. भाची याच शाळेत अकरावीत. उंच, सडसडीत, आणि चालताना इकडं-तिकडं न झुकणारी. म्हणून बापानं तिचं नाव ठेवलं होतं ओळंबा. भिंत सरळ आहे का ते बघायला गवंडी दोरीला लोखंडाचं वजन बांधून सोडतो, तो ओळंबा.

शाळेच्या मागच्या जिन्याला एक भेग होती. बापानं पोरीला सहज सांगितलं होतं की भेगेवर आडवी काचेची पट्टी चिकटवून ठेव. भिंत हलली तर काच आधी सांगेल. पोरीनं ते इतकं मनावर घेतलं की तीन ठिकाणी पट्ट्या लावल्या आणि रोज सव्वादहाच्या सुट्टीत जाऊन वही भरायला लागली. तारीख, हवा, भेगेची रुंदी. आठ महिने. सहाव्या महिन्यात मधली काच तडकली. तिनं वही नेऊन मुख्याध्यापिकेच्या टेबलावर ठेवली, जिना बंद झाला, माणसं आली, त्यांनी खणून बघितलं तर पाया खचत होता. तेव्हापासून मुख्याध्यापिका तिला हाक मारताना आवाज जरा खाली आणायच्या.

त्यांनीच तो फॉर्म आणून दिला होता. दूरच्या शहरातल्या एका विद्यापीठात उन्हाळ्याच्या सुट्टीत सहा आठवड्यांचा संशोधन वर्ग, अकरावीच्या मुलांसाठी. तीस जागा. सिमेंट, लोखंड, माती, पूल, सगळं प्रयोगशाळेत मोडून बघायचं. तिथं राहायचं, मोठ्या प्राध्यापकांच्या हाताखाली काम करायचं. तिथून आलेल्या मुलांना पुढं कॉलेजच्या शिष्यवृत्त्या मिळणं सोपं जातं, असंही त्या म्हणाल्या होत्या. फी ऐकल्यावर शिपाईमामांनी हातातली किटली खाली ठेवली होती. पण तीस जागांपैकी बारा जागांना पूर्ण शिष्यवृत्ती होती, आणि पोरीचं जाणं त्या बारांवर अवलंबून होतं. हे घरात कुणाला समजावून सांगावं लागलं नव्हतं.

फॉर्म बारा पानांचा. निबंध पोरीनं लिहिला. बाकीचं आत्यानं. घरात कागदाचं काम आत्याचं, हे इतकं ठरलेलं होतं की त्याबद्दल कुणी बोलायचंही नाही.

दहा वाजून दहा मिनिटांनी कॉम्प्युटरवर यादी आली.

बाईंनी गठ्ठा खाली ठेवला, चष्मा चढवला आणि बोट पडद्यावर टेकवून एकेक नाव खाली उतरायला लागल्या. सतराव्या नावावर बोट थांबलं. नावापुढं 'निवड'. बाईंच्या तोंडून "आई गं" एवढंच निघालं. मग बोट उजवीकडं सरकलं. पुढचा रकाना शिष्यवृत्तीचा. तिथं त्यांचाच शब्द छापलेला होता.

निरंक.

त्यांना आधी वाटलं, दिली नाही. मनात दोन शिव्याही उमटल्या. मग त्यांनी यादीसोबतचं पत्र उघडलं. आपणांस आर्थिक मदतीची आवश्यकता नसल्याचे आपण अर्जात कळविले असल्याने शिष्यवृत्तीसाठी आपला विचार करण्यात आलेला नाही. संपूर्ण फी आज सायंकाळी पाच वाजेपर्यंत न भरल्यास जागा प्रतीक्षा यादीतील विद्यार्थ्यास देण्यात येईल.

बाईंनी कपाटातून फाइल काढली. त्या प्रत्येक कागदाची प्रत ठेवायच्या. पान नऊ, प्रश्न चौदा. मिळावी अशी अपेक्षा असलेल्या मदतीचे स्वरूप व कारण. त्याखाली पाच ओळींची मोकळी चौकट, आणि चौकटीच्या मधोमध, सुबक, ठसठशीत अक्षरात तो शब्द. खाली दोन आडव्या रेघा. पट्टीनं मारलेल्या.

त्या उभ्या होत्या त्या बसल्या. मग उठून दार लोटलं आणि विद्यापीठात फोन लावला.

पलीकडं एक तरुण माणूस होता. बोलायला बरा होता, आणि त्यामुळंच बाईंना जास्त धाकधूक वाटत होती. खेकसणाऱ्या माणसाशी कसं बोलायचं ते त्यांना माहीत होतं. त्यानं त्यांचा अर्ज काढला, पानं उलटल्याचा आवाज आला.

"चौदावा प्रश्न," तो म्हणाला. "तुम्ही निरंक लिहिलंय, बाई. आम्ही मदत द्यायलाच बसलोय, पण मागितली तर पाहिजे ना."

बाईंनी सांगितलं, चूक झाली, कारकुनी चूक आहे, दुरुस्तीचं पत्र आत्ता पाठवते. तो म्हणाला, खाडाखोड किंवा नुसतं तुमचं पत्र चालत नाही. आणि मग जरा थांबून त्यानं विचारलं, "पानाच्या डोक्यावर लिहिलंय की हे पान पालकांनी स्वतःच्या हातानं भरायचं. हे अक्षर पालकांचंच आहे ना?"

बाईंच्या हातात अजून ते पान होतं. हो म्हटलं असतं तर एका शब्दात भागलं असतं, आणि फोनवरून अक्षर कुणाचं ते कुणाला कळत नाही. बाहेर सुट्टीची घंटा झाली. मैदानाकडं धावणारी पावलं ऐकू आली. त्यातली एक जोडी भेग मोजायला चालली असणार.

"नाही," बाई म्हणाल्या. "अक्षर माझं आहे. सही तेवढी आईची."



"बरं झालं सांगितलंत," तो म्हणाला. "या पानाचं आणि शाळेच्या दाखल्याचं अक्षर एकच आहे, असं काल इथं कुणीतरी बोललं होतं. मी आत्ता विचारलं ते त्याच्यासाठीच."



मग त्यानं सांगितलं ते त्यांनी कॅलेंडरच्या मागं लिहून घेतलं. शिष्यवृत्तीची एक जागा अजून शिल्लक होती. समिती शेवटची बसणार होती दुपारी दोनला. त्याच्या आत दोन कागद यायला हवेत. एक, नववं पान नव्यानं, पालकाच्या हस्ताक्षरात. दोन, मुख्याध्यापिकेच्या सहीशिक्क्याचं पत्र, की आधीची नोंद कुणाकडून आणि कशी चुकली. दोन्ही आले तर तो ते टेबलावर ठेवेल. पुढं समिती काय करेल याबद्दल तो काही बोलणार नाही. दोन वाजून एक मिनिटानं आले तर तोही काही करू शकणार नाही.

साडेदहा झाले होते.

मुख्याध्यापिकेनं सगळं ऐकून घेतलं. त्या बाईंपेक्षा वयानं लहान होत्या, आणि एरवी बाईंनी पुढं केलेला कागद न वाचता सही करायच्या. आज त्यांनी पान नऊ वाचलं, पत्र वाचलं, पुन्हा पान नऊ वाचलं.

"असं पत्र मी दिलं की त्याची नोंद ठेवावी लागेल," त्या म्हणाल्या. "तुमच्या सेवापुस्तकात. शेऱ्यामध्ये."

बाई हो म्हणाल्या. शाळेतल्या सगळ्यांची सेवापुस्तकं बाईच लिहायच्या, स्वतःचंही. त्यांच्या पुस्तकात शेऱ्याच्या रकान्यात सव्वीस वर्षं एकच शब्द होता, दर वर्षी नव्यानं लिहिलेला. हा शब्द तिथं असणं ही अख्ख्या ऑफिसात नाव घेण्यासारखी गोष्ट होती, आणि निवृत्तीला चार वर्षं उरली होती.

पत्र बाईंनीच टाइप केलं. 'कार्यालयाकडून अनवधानाने' असं आधी लिहिलं. मग थांबल्या, 'कार्यालयाकडून' खोडलं आणि 'लिपिकाकडून' असं केलं. अनवधान हा शब्दही त्यांनी काही वेळ बघितला. तो मात्र तसाच राहू दिला. मुख्याध्यापिकेनं सही केली आणि शिक्का स्वतः उचलून मारला. म्हणाल्या, जा आता, ऑफिस मी बघते.

हॉस्पिटल चालत पंचवीस मिनिटांवर. बाई वीस मिनिटांत गेल्या. धुकं विरलं होतं, पण रस्ते अजून ओले होते. वाटेत एकदा त्यांना वाटलं की छापून घेतलेलं कोरं नववं पान ऑफिसातच राहिलं, त्यांनी थांबून पिशवी उघडली. पान होतं. पेनं दोन होती. पुढच्या वळणावर त्यांनी पुन्हा पिशवी उघडली.

धुलाईघर तळघरात होतं. खाली उतरतानाच वाफ तोंडावर आली. मोठाली पिंपं गरागरा फिरत होती आणि पलीकडं लांबलचक गरम रूळ होता. दोघी बायका चादरीची दोन टोकं धरून ती रुळात सोडायच्या, दुसऱ्या बाजूला ती कडक होऊन बाहेर पडायची. त्यातली एक भावजय. केसांवर टोपी, कोपरापर्यंत लाल झालेले हात.

तिनं नणंदेला दारात बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. नणंद या जागी कधी आली नव्हती.

"कोण गेलं, वन्सं?"

"कुणी गेलं नाही. यादी आली. पोरीचं नाव आहे."

"मग तुमचं तोंड असं का?"

चादर अर्धी रुळात असताना हात सोडता येत नाही. त्यामुळं भावजय चादरी सोडत राहिली आणि बाई तिच्या बाजूला उभं राहून, त्या घरघराटात जवळजवळ ओरडून सांगत राहिल्या. चौदावा प्रश्न, निरंक, दोन वाजता, तुझ्या हातानं लिहायचं. समोरच्या टोकाची बाई सगळं ऐकत होती आणि ऐकत नसल्यासारखं दाखवत होती. भावजयीनं तीन चादरी सोडल्या. तिसरी पलीकडं गेल्यावर मुकादमाला हातानं खूण केली, दहा मिनिटं, आणि नणंदेला घेऊन घड्या घालायच्या टेबलाकडं गेली.

तिथं आवाज कमी होता. तिनं पान हातात घेतलं, चौकट बघितली.

"हे एवढंच होतं? पाच ओळी?"

बाई म्हणाल्या, एवढंच.

"पंधरा वर्षं तुमच्या पुढ्यात कागद आला की मी नुसती सही करते," भावजय म्हणाली. आवाज चढवला नव्हता. "भाड्याचा, शाळेचा, लाइटीचा. आता सही कर, म्हणालात, मी केली. कधी विचारलंत का, अगं, यात काय लिहू?"

"आज विचारतेय ना."

"आज तुमचं अक्षर चालत नाही म्हणून विचारताय."

 पिंपाचा आवाज थांबला, पुन्हा सुरू झाला.

"हे पडले होते तेव्हा," भावजय म्हणाली, "परांचीवरून." ती नवऱ्याबद्दल बोलत होती. परांची म्हणजे बांधकामाला बांधलेला बांबूंचा सांगाडा. सात वर्षांपूर्वी तो तिच्यावरून पडला होता आणि चार महिने अंथरुणात होता. "ठेकेदाराच्या माणसानं फॉर्म आणून दिला होता. काय मदत पाहिजे ते लिहा म्हणाला. तो तुम्हीच भरलात. काय लिहिलंत?"

बाईंना आठवत होतं. तो फॉर्मही फाइलला होता.

"मला त्या माणसानं नंतर सांगितलं, तुम्हाला काही नको होतं ना, म्हणून. चार महिने मी इथं दोन-दोन पाळ्या केल्या, वन्सं. तुम्हाला बोलले नाही. म्हटलं, यांनी काहीतरी विचार करून लिहिलं असेल."

बाई घड्या घातलेल्या चादरींच्या थप्पीकडं बघत होत्या. थप्पीच्या कडा इतक्या सारख्या होत्या की पट्टी लावावी. मग त्यांनी म्हटलं, लिही, वेळ होतोय. आणि सवयीनं तोंडातून पुढं आलं, "महोदय, सविनय—"

"मी लिहिते ना. तुम्ही तिकडं बघा जरा."

बाई खरोखर तिकडं बघायला लागल्या. पाठीमागं पेन चालल्याचा आवाज येत होता, थांबत होता, पुन्हा येत होता. बाईंच्या मानेला रग लागली पण त्या वळल्या नाहीत. भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजून पाच मिनिटं झाली होती.

"झालं," भावजय म्हणाली.

वाफेनं पान मऊ पडलं होतं, कडेला गुंडाळी व्हायला लागली होती.  असा कागद मशीन चघळून टाकतं. भावजयीनं ते दोन उशीच्या खोळींमध्ये ठेवलं, हातइस्त्री घेतली आणि वरून एकदा, अलगद, फिरवली. पान निघालं ते नव्यासारखं. सही केली, तारीख टाकली, पुन्हा टोपी नीट केली.

"वाचू का?" बाईंनी विचारलं.

"वाचा की. आता मीच पाठवतेय ते."

बाईंनी ते जिना चढताना वाचलं.

मला मदत हवी आहे. माझे पती बाहेरगावी गवंडीकाम करतात आणि मी हॉस्पिटलच्या धुलाईघरात आहे. आमच्या दोघांच्या कमाईत घर बसतं, हा वर्ग बसत नाही. मुलगी आठ महिने रोज भिंत मोजते आहे. तिला जायला मिळालं नाही तर ती कुणाला काही बोलणार नाही, म्हणून मी बोलते आहे.

पाच ओळींची चौकट, पाचव्या ओळीत संपलेली. एकही खाडाखोड नव्हती.

शाळेत परतल्या तेव्हा एक वाजायला आला होता. ओळंबा ऑफिसात खुर्चीत बसली होती, पाठ ताठ, मांडीवर वही. पडद्यावर यादी तशीच उघडी होती, बाजूला फाइलमधलं पान नऊ. मुख्याध्यापिकेनं तिला सांगितलं असणार, किंवा तिनं स्वतःच बघितलं असणार. बाईंनी पिशवीतून पान काढलं, पत्र काढलं, मशीनचं झाकण उघडलं.

"आत्या," ती म्हणाली. "तू ते न वाचता लिहिलंस, की वाचून?"

बाईंनी पान मशीनच्या तोंडाला लावलं होतं. त्यांचा हात थांबला. न वाचता म्हटलं असतं तर पोरीनं मान डोलावली असती. अनवधान. पत्रात तोच शब्द होता, शिक्क्यासकट.

"वाचून," त्या म्हणाल्या. "मदत असं लिहिलेलं वाचलं. आपल्याला कशाला हवी कुणाची, असं वाटलं. आणि लिहिलं. शिष्यवृत्तीचं तेच विचारतायत, हे डोक्यात आलंच नाही. डोक्यात यायच्या आधी पेन चाललं."

ओळंबा त्यांच्याकडं बघत राहिली. तिनं ना डोळ्यांत पाणी आणलं, ना आवाज चढवला. तिनं तसं काही केलं असतं तर बाईंना सोपं गेलं असतं.

"तिथून नको घालूस," ती शेवटी म्हणाली. "वरून कागद ओढतं ते. आज दोनदा अडकलंय, मामा सांगत होते. काचेवर ठेव."

तिनंच पान काचेवर ठेवलं. कोपरा कोपऱ्याला लावला, झाकण हलकेच टेकवलं. हिरवा प्रकाश एका कडेकडून दुसऱ्या कडेला गेला. मग पत्र. मग कॉम्प्युटरवर दोन्ही कागद दिसले, पाठवायचं बटण दाबलं, आणि ते छोटं चक्र फिरायला लागलं. फिरतच राहिलं. शिपाईमामा दारात येऊन उभे राहिले. एक वाजून चोवीस मिनिटांनी 'पाठवले' असं आलं. बाईंनी लगेच फोन करून मिळालं का विचारलं. मिळालं, तो म्हणाला. दोन्ही पानं वाचता येतात. त्यापुढं काही नाही.

पोरगी तासाला गेली. बाईंनी तीनशे प्रती काढायला घ्यायला हव्या होत्या. त्यांनी मशीनजवळ जाऊन एक गठ्ठा फुलवला, एकच, आणि परत ठेवला. दोन वाजले. सव्वादोन. अडीच. फोन एकदा वाजला, तो कुणाच्या तरी आजीचा होता. नातीनं डबा नेलाय का ते बघा म्हणत होती. बाईंनी उठून वर्गात निरोप पाठवला, डबा नेला होता, तसं कळवलं. एरवी त्या म्हणाल्या असत्या, शाळा म्हणजे काय डब्यांची चौकशी आहे का. पावणेतीन. पाच वाजता जागा जाणार होती, आणि फी भरायचा प्रश्न नव्हता, फीच्या जवळपास जायचाही प्रश्न नव्हता.

तीनला पाच कमी असताना विद्यापीठातल्या त्या तरुणाचा फोन आला. बाईंनी फोन दोन्ही हातांनी धरला होता.

त्यानं सांगितलं की समितीत वाद झाला. एकांचं म्हणणं होतं, नियम तो नियम, मुदतीनंतर आलेली मागणी धरायची नाही, आणि ज्या शाळेत पालकांचं पान कारकून भरतो त्या शाळेचं बाकी तरी काय खरं धरायचं. समितीतल्या दुसऱ्या एका प्राध्यापिकेनं मग नववं पान मोठ्यानं वाचलं आणि भेगांची वही मागवली. तिची प्रत निबंधासोबत जोडलेली होती. वही टेबलावरून फिरली.

"दिलीय," तो म्हणाला. "शिक्षण, राहणं, जेवण. जाण्या-येण्याचा प्रवास मात्र तुमचा तुम्ही बघायचा. आणि बाई, पुढच्या वर्षी तुमच्या शाळेतून अर्ज आला तर पालकांचं पान आम्ही पालकांना फोन करून विचारणार. तसं ठरलंय."

बाई म्हणाल्या, विचारा. मग आभार मानायचे राहिले असं वाटून त्यांनी ते मानले, पण तोवर फोन ठेवला गेला होता.

शिपाईमामांनी पोरीला वर्गातून बोलावून आणलं. तिनं ऐकलं, खुर्चीच्या पाठीला हात टेकवला आणि पहिल्यांदाच जरा एका बाजूला झुकली. मग म्हणाली, आईला कळवायला पाहिजे. बाईंनी फोन तिच्याकडं सरकवला. पलीकडून पिंपांचा घरघराट इतका ऐकू येत होता की पोरगी तीन वेळा ओरडली, "मिळाली, आई, मिळाली." तिसऱ्यांदा मुख्याध्यापिकाही आपल्या दारात आल्या.

त्यांनी बाईंना सेवापुस्तकाची आठवण करून दिली नाही. तशी गरज नव्हती. बाईंनी कपाटातून आपलं पुस्तक काढलं, यंदाच्या ओळीला आल्या आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, उन्हाळी वर्गाच्या अर्जात पालकांच्या पानावर चुकीची नोंद केली. तारीख टाकली. जागा उरली होती, तिथं काही लिहिलं नाही. पुस्तक मुख्याध्यापिकेच्या टेबलावर सहीला ठेवून आल्या.

संमतीचा फॉर्म चार वाजता आला. दोनच पानं. बाईंनी तो छापून टेबलावर ठेवला, पेन काढलं, आणि ते पोरीच्या हातात दिलं. ओळंबा लिहीत गेली. नाव, वय, रक्तगट, संपर्क. शेवटी एक चौकट होती, विद्यार्थ्यास काही विचारावयाचे असल्यास. ती तिथं थांबली. बाई खुर्चीमागं उभ्या होत्या, त्यांचा उजवा हात जरा पुढं आला आणि खिशात गेला.

पोरीनं लिहिलं, काचेच्या पट्ट्या तिकडे मिळतील का, की मी सोबत आणू?

"आण म्हणतील," शिपाईमामा म्हणाले. "आणि वाटेत फुटल्या तर म्हणतील, कुठली भिंत हलली?"

पोरगी हसली. बाईही हसल्या असतील, पण त्यांची पाठ इकडं होती. चार वाजून दहा मिनिटं झाली होती आणि नववीच्या तीनशे प्रतींपैकी एकही निघाली नव्हती. त्यांनी स्वेटरच्या बाह्या वर ओढल्या, गठ्ठा उचलला आणि फुलवायला घेतला, एकदा या कडेनं, एकदा त्या कडेनं. मग मान न वळवता म्हणाल्या, "मामा, इकडं या जरा. दुसरं टोक धरा. एकटीनं आज व्हायचं नाही हे."